पहिला राऊंड खोटं बोलतो

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

यावेळी पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेकांनी फिरून फिरून एकच विचारलंय, सुरुवातीला किती जोरात सुटायचं. अंतर मात्र प्रत्येकाचं वेगळं, ८०० मीटरपासून थेट दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या जवळजवळ ९० किलोमीटरच्या रेसपर्यंत, त्यामुळे सगळ्यांना एक उत्तर देता येणार नाही. जमतील तेवढी घेतलीयेत, काही पत्रं थोडी छाटलीत, राग मानू नका.

ताई, मी आष्टी तालुक्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारलं की २० पैकी २० मार्क. माझा पहिला राऊंड ६८ सेकंदात होतो, ग्राउंडवर सगळ्यांच्या पुढं मीच असतो. पण तिसऱ्या राऊंडला पाय असे भरून येतात की मागची पोरं पुढं निघून जातात, आणि टायमिंग येतं ५:३५. अकॅडमीतले सर म्हणतात जिगर कमी पडते. बहिणीचंही ग्राउंड आहे, तिला ८०० मीटर आहे, तिनं काय करावं तेही सांगा.

जिगर भरपूर आहे रे तुझ्यात, ती पहिल्या राऊंडलाच संपते एवढंच. ५:१० म्हणजे ३१० सेकंद, भागिले चारशे मीटरचे चार राऊंड, राऊंडला साडेसत्त्याहत्तर. आणि तुझं आजचं टायमिंग ५:३५, म्हणजे राऊंडला जवळजवळ ८४. आता तूच बघ, ज्याची आजची ताकद ८४ ची आहे तो पहिला राऊंड ६८ मध्ये मारतोय, मग पुढचं सगळं व्याजासकट फेडावं लागणारच ना.

काय होतं की पहिले दोनशे मीटर कुणालाच जड जात नाहीत. स्नायूंमध्ये थोडीशी तयार एनर्जी असते, ती वापरायला ऑक्सिजन लागत नाही, आणि श्वास नि हृदय पूर्ण जोरात यायला मिनिट-दीड मिनिट जातं, तोपर्यंत शरीर तुला खरं काय ते सांगतच नाही. सांगतं तेव्हा तू दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर असतोस, पायात ॲसिड साठून झालेलं असतं, आणि ते उतरायला स्पीड कमी करावा लागतो, दुसरा इलाज नाही. म्हणून तुझा तिसरा राऊंड ९०-९२ च्या घरात जात असणार, घड्याळ लावून बघ एकदा.

१६०० मीटर म्हणजे जवळजवळ एक मैल, फक्त ९ मीटर कमी. ६ मे १९५४ ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर रॉजर बॅनिस्टरनं जगात पहिल्यांदा ४ मिनिटांच्या आत मैल मारला, ३:५९.४. त्याचे चार राऊंड असे होते: ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. म्हणजे तिसरा राऊंड त्याचाही सगळ्यात स्लो, आणि त्याच्यापुढं तर ब्रॅशर आणि चॅटअवे असे दोन मित्र आळीपाळीनं पेस द्यायला पळत होते. तिसऱ्या राऊंडला दम निघतोच, पहिल्याचा जोश संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. पण त्याचा पहिला आणि तिसरा राऊंड यांत फरक आहे पाचेक सेकंदांचा, तुझा वीस-पंचवीसचा असेल.

तर आजच्या ताकदीवर पहिला राऊंड ८० ला मार. मागं राहिल्यासारखं वाटेल, पोरं हसतील, हसू देत. मग ८२, ८३, आणि शेवटचा ७९, झाले ५:२४. काही नवीन सराव न करता नुसत्या हिशोबावर ११ सेकंद कमी. ५:१० साठी मात्र सराव लागेलच, आणि तो ७७-७८ सेकंदांचे ४०० मीटरचे रिपीट मारून कर, मध्ये दीड-दोन मिनिटं आराम, म्हणजे तो स्पीड पायाला घड्याळाशिवाय कळायला लागेल. ५:१० च्या दिवशी राऊंड ७६, ७८, ७९, ७७ असे पडले की बास. तिसऱ्या राऊंडबद्दल एकच लक्षात ठेव, तिथं स्पीड वाढवायचा म्हणून जोर लावलास की स्पीड फक्त टिकतो, आणि नुसता टिकवायचा म्हणालास तर कमी होतो.

अजून एक, भरतीला बॅच सोडतात तेव्हा घोळका असतो आणि मुलं पुढं निघायच्या नादात बाहेरून बाहेरून पळतात. दुसऱ्या लेनमधून अख्खा राऊंड मारला की साधारण साडेसात मीटर जास्त पळणं होतं, चार राऊंड तसेच मारले तर तीस मीटर, म्हणजे सहा सेकंद फुकट गेले. ओव्हरटेक करायचं ते सरळ पट्टीवर, वळणावर आतली रेघ सोडायची नाही.

बहिणीचं गणित वेगळं आहे बरं का. ८०० ला थोडं पुढं सुटणं चालतं, चालतं काय, तसंच पळतात. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये डेव्हिड रुडिशानं १:४०.९१ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला राऊंड ४९.२८ आणि दुसरा ५१.६३, म्हणजे दुसरा २.३५ सेकंद स्लो, आणि कुणालाही पुढं न घालता पहिल्यापासून एकटा पुढं. इतक्या छोट्या अंतरात ॲसिड साठून पाय जड व्हायच्या आत रेस बरीचशी संपलेली असते. तिला पूर्ण मार्कांसाठी २:४० पाहिजे ना, तर ७८ आणि ८२. पण ७८ म्हणजे ७८, ७० नाही, हे तुझ्या घराण्याकडं बघून मुद्दाम सांगते.

मी पुण्यात आयटीत आहे. ५के २५:०० मध्ये पळतो. ऑनलाईन कॅल्क्युलेटरनं हाफ मॅरेथॉनचं प्रेडिक्शन १:५५ दिलं. मी सेफ साईड म्हणून पहिले ५ किमी २५:५० मध्ये काढले, तरी १४ व्या किलोमीटरनंतर वाट लागली आणि २:११ झाले. कॅल्क्युलेटर चुकीचा आहे का?

कॅल्क्युलेटरनं तुम्हाला १:५५ सांगितलं, म्हणजे किलोमीटरला ५:२७. तुम्ही सुटलात ५:१० नं. यात सेफ साईड कुठली हो?

ते बहुतेक कॅल्क्युलेटर पीटर रीगल नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या सूत्रावर चालतात. अंतर दुप्पट झालं की वेळ बरोबर दुप्पट न होता थोडी जास्त होते, किती जास्त, तर अंतराच्या गुणोत्तराचा १.०६ घात. तुमच्या २५ मिनिटांवरून १०के येतं ५२:०७, हाफ (२१.१ किमी) १:५५, फुल (४२.२ किमी) साधारण ३:५९:४६. पेसमध्ये, म्हणजे एका किलोमीटरला लागणाऱ्या वेळेत, बघितलं तर ५:००, ५:१३, ५:२७, ५:४१, म्हणजे दर पायरीला चौदाएक सेकंद सोडायचे. दिसायला किरकोळ वाटतं. पण शरीराची एक रेघ असते, साधारण तासभर नेटानं टिकवता येतो तो स्पीड. तिच्या वर गेलात की ॲसिड निघून जाण्यापेक्षा जास्त तयार होतं. ५के तुम्ही त्या रेघेच्या वरच पळता, कारण २५ मिनिटांत संपतंय. तुमची १०के जवळपास त्या रेघेवर. हाफ मात्र दोन तासांचा मामला आहे, तो रेघेच्या खालीच पळावा लागतो, आणि तुमचा ५:१० चा पेस १०के च्या पेसपेक्षाही फास्ट होता. पहिले पाच किलोमीटर छान वाटले असतील, वाटणारच.

दुसरं म्हणजे ते सूत्र असं धरून चालतं की त्या अंतराचा सराव तुम्ही केलेला आहे. आठवड्यातून तीनदा पाच-पाच किलोमीटर पळून १:५५ येत नाही, तेवढ्यावर २:०३-२:०५ धरून चला. लाँग रन १६-१८ पर्यंत नेलेत की मग कॅल्क्युलेटरवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

घड्याळापेक्षा बोलून बघणं मला जास्त पटतं. हाफच्या पहिल्या १० किलोमीटरमध्ये शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, १०के ला दोन-तीन शब्द, आणि ५के ला तिसऱ्या किलोमीटरनंतर कुणी काही विचारलं तर नुसती मान हलली पाहिजे. हाफला आठव्या किलोमीटरला शब्द तुटायला लागले की समजा १६ च्या पुढं काय वाढून ठेवलंय ते.

जानेवारीत मुंबई फुल पळायचीय, पहिलीच. टार्गेट ४:३०. माझा प्लॅन असा की उन्हाच्या आधी पहिला हाफ २:०५ मध्ये काढून घ्यायचा, म्हणजे हातात दहा मिनिटं जादा राहतील आणि शेवटी चाललो तरी चालेल. ग्रुपमधले अर्धे लोक बरोबर म्हणतात, अर्धे वेडा म्हणतात. (डोंबिवली)

मी वेडा म्हणणाऱ्या अर्ध्यांत.

तुमचा उन्हाचा मुद्दा खरा आहे, तो आधी घेते. सीएसएमटीवरून पहाटे अंधारात सुटता तेव्हा हवा बरी असते, साडेआठ-नऊनंतर ऊन आणि दमटपणा दोन्ही चढतात, हृदयाचे ठोके त्याच पेसला वाढत जातात. त्यामुळे मुंबईत दुसरा हाफ पहिल्यापेक्षा फास्ट काढा असं मी पहिल्यांदा पळणाऱ्याला कधीच सांगत नाही, ते बर्लिन-शिकागोच्या गारव्यातलं काम. पण म्हणून दहा मिनिटं आधी? ४:३० चा पेस ६:२३ आहे, २:०५ च्या हाफचा ५:५५. किलोमीटरला २८ सेकंद जास्त जोरात.

जोरात पळण्यात नुसता दम जात नाही, साखर जाते. स्नायू आणि लिव्हर मिळून शरीरात साखरेचा साठा साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास, आणि पळताना खर्च वजनाच्या किलोमागं किलोमीटरला अंदाजे एक कॅलरी. ७० किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला २९०० च्या पुढं लागतात. उरलेलं चरबीतून भागवायचं असतं, चरबी तर आपल्याकडं बक्कळ आहे, पण ती हळू जळते, आणि स्पीड जेवढा जास्त तेवढा साखरेचा वाटा मोठा. म्हणजे पहिल्या हाफला जे दहा मिनिटं कमावले म्हणता ते सगळे साखर जाळून कमावलेले. मग ३०-३२ च्या आसपास साठा तळाला जातो आणि माणूस पळता पळता चालायला लागतो, तेही किलोमीटरला ९-१० मिनिटांनी. दहा किलोमीटर तसे काढले की दहा मिनिटं कधीच गेली, वर अजून पंधरा-वीस तरी गेली. आणि मुंबईत नेमका परतीच्या वाटेवर, पस्तीसच्या पुढं पेडर रोडचा चढ येतो. जाताना तो कळतसुद्धा नाही, येताना त्याच चढावर लोक कठडे धरून उभे असतात.

मोठ्यांचं बघायचं तर केनियाच्या एलिउड किपचोगेनं बर्लिनला २०१८ मध्ये २:०१:३९ मारले तेव्हा पहिला हाफ ६१:०६, दुसरा ६०:३३. २०२२ ला तिथंच तो पहिला हाफ ५९:५१ मध्ये गेला, सगळे म्हणाले आज दोन तासांच्या आत, पण दुसरा ६१:१८ झाला, एकूण २:०१:०९. विक्रम झाला, पण ते पुढचे दीडेक मिनिट किपचोगेलासुद्धा परत द्यावे लागले. आणि केल्विन किप्टमनं २०२३ ला शिकागोत ६०:४८ आणि ५९:४७ अशी पळून २:००:३५ केली, त्यात ३० ते ३५ किलोमीटरचा तुकडा १३:५१, जिथं आपण भिंतीला डोकं आपटत असतो तिथं तो स्पीड वाढवत होता. पुढच्याच फेब्रुवारीत अपघातात गेला पोरगा, २४ वर्षांचा होता. अजून वाईट वाटतं.

तुमच्यासाठी पहिला हाफ २:१३-२:१४, दुसरा २:१६. पहिल्या पाच किलोमीटरला तर ६:३० नंच जा, घोळक्यात डावं-उजवं करत पुढं घुसू नका. ४:३० ची बस, म्हणजे त्या वेळेच्या पेसरमागून पळणारा घोळका, मिळाली तर तिच्या मागं लागा, झेंडा घेतलेला पेसर तुमचं अर्धं डोकं वाचवतो. एनर्जी जेल पहिल्या तासाच्या आतच सुरू करायचं, पुढं दर ४०-४५ मिनिटांनी एक, भूक लागेपर्यंत थांबायचं नाही, आणि जे सरावात खाल्लंय तेच. ३२ च्या पुढं जर अंगात काही शिल्लक असेल तर तेव्हा काय ती हौस भागवा.

ताई, वय ५८, ठाण्यात राहते. नातवंडं झाल्यावर पळायला लागले. १०के ला मी मध्ये मध्ये चालते तर सोसायटीतले लोक म्हणतात हे पळणं नव्हेच. शिवाय सुरुवातीला सगळे मला मागे टाकून जातात, फार कसंतरी होतं.

काकू, त्या सोसायटीतल्यांना एकदा १०के ला बोलवा बरोबर, सात-आठ किलोमीटरपर्यंत आले तर भेट होईल. मध्ये चालणं ही चांगली जुनी पद्धत आहे, जेफ गॅलोवे या अमेरिकन ऑलिंपिक धावपटूनं ती जगभर लोकप्रिय केली. फक्त दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधीपासून चालायचं. चार मिनिटं पळा, एक मिनिट भराभर चाला, आणि हे पहिल्या किलोमीटरपासून. आठव्यालाही तेच चाललं पाहिजे.

आणि मागे टाकून जाणाऱ्यांचं म्हणाल, तर मोठ्या मॅरेथॉनच्या निकालांवर अभ्यास झालेत, त्यात सरासरीनं बायकांचा पेस शेवटी पुरुषांपेक्षा कमी घसरतो, म्हणजे त्या जास्त सारख्या स्पीडनं पळतात. सुरुवातीला तुम्हाला मागे टाकणाऱ्यांत बाप्येच जास्त असतील, बघा पुढच्या वेळी.

सातारा हिल हाफ साठी पेस काय ठेवायचा? माझा प्लेन हाफ १:५८ आहे.

पेस ठेवायचाच नाही. पहिले दहा-साडेदहा किलोमीटर यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग त्याच रस्त्यानं खाली, तिथं ५:३६ धरून बसलात तर चौथ्या किलोमीटरला संपाल. एसटीचा ड्रायव्हर घाटात गिअर खाली टाकतो, काट्याकडं बघत बसत नाही, तसं श्वासावर जा. चढाला तुमच्या हाफच्या पेसपेक्षा किलोमीटरला मिनिट जास्त लागलं तरी लागू द्या, फार खडा असेल तिथं हात गुडघ्यावर न ठेवता ताठ चाला. खरी गडबड उतारावर होते. मोकळं सुटल्यावर लोक टांगा टाकत पळतात, प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक मारत असतो, आणि १७-१८ ला गावात सपाट रस्ता आला की मांड्या लटपटायला लागतात. उतारावर पावलं छोटी आणि भराभर. रस्ता ओला असतो बऱ्याचदा, बूट बघून घ्या.

धावपटू अविनाश साबळे आमच्या बीडचा. पण मोठ्या स्पर्धेत सगळे आधी हळू हळू पळतात आणि शेवटी एकदम सुटतात, असं का? आपला माणूस पहिल्यापासून जोरात का नाही निघत?

मांडव्याचं पोरगं ते, त्याच्यावर मी पानं भरवू शकते. मेडलच्या रेसमध्ये घड्याळाला कुणी विचारत नाही, कितवा आला ते विचारतात. पुढं पळणाऱ्याला हवा कापावी लागते, मागच्याची ताकद वाचते, शिवाय पुढचा काय करतोय ते मागच्याला दिसतं. म्हणून कुणालाच पुढं जायचं नसतं, आणि रेस शेवटच्या राऊंडच्या स्प्रिंटवर येते. २०२२ च्या युजीनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे ओलांडत पळायची रेस) फायनल इतकी रेंगाळली की मोरोक्कोचा एल बक्काली ८:२५.१३ मध्ये जिंकला, आणि अविनाश ८:३१.७५ नं अकरावा. तीनच आठवड्यांनी बर्मिंगहॅम कॉमनवेल्थला रेस पहिल्यापासून पळवली गेली, तर हाच अविनाश ८:११.२०, सिल्व्हर, केनियाच्या किबिवोटपेक्षा फक्त ०.०५ सेकंद मागं. १९९८ पासून त्या रेसची तिन्ही मेडलं केनियाच घेऊन जायचा. माझं मत विचाराल तर ज्याच्याकडं शेवटच्या दोनशेचा स्फोट नाही पण दम आहे त्यानं रेस लांबून जोरात करावी, आणि पुढच्या वर्षी हांगझाऊच्या एशियन गेम्सला त्यानं तेच केलं, पुढं राहून ८:१९.५० मध्ये गोल्ड.

पण याची दुसरी बाजू पण आहे. युगांडाचा जोशुआ चेपतेगेई २०१७ ला कंपालात, घरच्या लोकांसमोर वर्ल्ड क्रॉस कंट्री पळत होता, शेवटच्या राऊंडपर्यंत मोठी आघाडी घेऊन एकटा पुढं, पब्लिक वेडं झालेलं, आणि मग पाय असे गेले की तिसावा आला. तोच २०२० ला मोनॅकोत ५००० मीटरचा आणि व्हॅलेन्सियात १०,००० चा विश्वविक्रम करून गेला, १२:३५.३६ आणि २६:११.००, ट्रॅकच्या कडेला पेस दाखवणारे दिवे लावलेले होते आणि त्यानं राऊंडमागून राऊंड जवळजवळ एकसारखे टाकले.

कॉम्रेड्सला जायचं म्हणतोय. कोल्हापूर. १२ तासांत बसायला पेस?

डर्बन-पीटरमारित्झबर्ग, दिशेप्रमाणे ८६ ते ९० किलोमीटरच्या आसपास. ८८ धरले तर सरासरी ८:११, पण त्यात पाणी, चढावरचं चालणं, बूट सोडून परत बांधणं सगळं आलं. म्हणून पळताना ७:१५-७:३० आणि मोठे चढ पहिल्यापासून चालून. तुमचा फुलचा पेस डोक्यातून काढून टाका, तो तिथं उपयोगाचा नाही. पन्नासच्या पुढं पाय जड होतात तेव्हा पोट साथ देतंय का हे जास्त महत्त्वाचं, त्यामुळे पन्हाळ्याच्या रस्त्यावर लाँग रन करताना खायचा सराव पण करा, नुसता पळायचा नको.

घड्याळात हाफ नेहमी २१.३-२१.४ येतो. आयोजक जास्त पळवतात का?

नाही हो. कोर्स मोजताना सगळ्यात जवळच्या वाटेनं, वळणाची आतली बाजू धरून मोजतात, आणि कमी भरू नये म्हणून वर हजारी एक मीटर जास्त घेतात. आपण मात्र वळणं बाहेरून घेतो, पाण्याच्या टेबलाकडं आडवे जातो, आणि उंच बिल्डिंगांमध्ये जीपीएस पण थोडं भरकटतं. म्हणून टार्गेट २ तास असेल तर घड्याळात ५:४१ नको, ५:३७ धरा, आणि दर किलोमीटरच्या पाटीला लॅपचं बटण हातानं दाबा.